निळा शेवटी उरतो

कीथलीत, बस स्टेशनच्या मागच्या गल्लीत,
रहमतबेगच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या काचेत
एक दरी लटकते.
मीच छापलेली. चकचकीत कागद, खिडकीएवढी,
चौदा पौंड, ओळखीचे म्हणून बारा.

दर दोन वर्षांनी तो येतो, गुंडाळी काखेत धरून :
"मिसेस सपकाळ, फिर उड गई."
म्हणजे रंग.

यॉर्कशरचं ऊन ते केवढं, पावशेर,
पण तेवढंही पुरतं.
आधी पिवळा जातो, मागोमाग गुलाबी.
जर्दाळूची झाडं जातात,
बायकांच्या टोप्यांवरचं भरतकाम जातं,
पोरांच्या गालांवरची थंडी जाते.
काळा थोडा चिवट.
निळा शेवटी उरतो.
हे धंद्यातलं ज्ञान आहे, तत्त्वज्ञान नव्हे.

सात रात्री, आठ दिवस. हुंझा, नगर, पासूचे सुळके,
फळ्याफळ्यांचा झुलता पूल (जबाबदारी ज्याची त्याची),
राकापोशी समोर ठेवून चहा.
राकापोशीचं स्पेलिंग मला झोपेत येतं.
तो खुबानी म्हणतो, मी जर्दाळू,
डबा मात्र एकच उघडतो, बी फोडून आतला गरही खातो.
"एकदा चला," म्हणतो दरवेळी,
आणि दरवेळी दोघांनाही आठवतो
माझ्या पासपोर्टातला जन्मस्थळाचा रकाना : सातारा.
मग तो कागदाच्या जाडीबद्दल विचारतो.

या खेपेला तो पडद्यावर वाकला.
तलावावर बोट ठेवलं,
काचेवर त्याच्या बोटाचा वाफेचा ठसा.
"इथे. या नावेच्या खाली, जरा डावीकडे.
माझ्या खालाचं घर."

दहा साली डोंगर नदीत बसला.
पाणी चढत आलं, घाई न करता, रोज थोडं थोडं.
लोकांनी दारं काढून नेली, चौकटी, छताचे वासे,
चुलीवरचा पत्रा.
"झाडं कशी काढणार?
त्या वसंतात ती गुडघाभर पाण्यात उभी राहून फुलली.
आता तिथे जेट स्की आहे.
खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त तेच विकतं."

माझा हात माउसवर तसाच.

सांगावंसं वाटलं,
की आमच्याकडेही एक पाटी आहे, तापोळ्याला,
मिनी काश्मीर लिहिलेली,
आणि त्या पाटीपुढच्या पाण्यात
आईचं माहेर आहे, सगळंच्या सगळं,
उखळासकट.
एकदा तिला बोटीत बसवलं होतं,
नऊवारीवर केशरी लाइफ जॅकेट.
नावाडी म्हणाला, आजी, तिकडं बघा, व्ह्यू झकास आहे.
ती खाली बघत राहिली.
परतताना एवढंच म्हणाली :
आमची विहीर लई खोल होती म्हणायचे.

सांगितलं नाही.
काउंटरवर एक जण लग्नपत्रिका घेऊन ताटकळत होता,
त्याला सोनेरी अक्षरं हवी होती आणि उद्याच.

रहमतबेग म्हणाला,
"तलावाचा निळा जरा कमी होईल?
एवढा नसतो तो."
मी पट्टी सरकवली. तलाव राखाडी झाला,
साधा, घरगुती, खराच वाटावा असा.
तो बघत राहिला बराच वेळ.
"राहू द्या. होता तसाच करा.
लोक त्यालाच येतात."

केला.

तो गेल्यावर झाडांचा पिवळा पाच टक्के वाढवला,
त्याला न विचारता.
चार-सहा महिने तरी जास्त टिकतील.
बिल बाराचंच.